इजारीचं माप

एळे बंदरात हुरमुजचे घोडे उतरायचे, तेव्हाची गोष्ट.
दुकान माझं मशिदीमागच्या बोळात,
जिथे सुक्या सुंगटांचा वास आणि ऊद
एकाच वाऱ्यावर बसून येतात.
मी धाकू चाटी. अंगरखे शिवत नाही.
कंबरेपासून घोट्यापर्यंत,
एवढाच माझा मुलूख.

ते रात्री यायचे. अय्यार.
सौदागर त्यांना चोर म्हणत.
कोळणी त्यांच्या पाटीत एक बांगडा जास्तीचा टाकत
आणि काहीच म्हणत नसत.

शेबाज लारी त्यांचा उस्ताद. डावा कान नव्हता.
तो कान दर वेळी वेगळ्या शहरात तुटायचा,
एकदा शिराज, एकदा बसरा.
म्हणायचा, "आमच्यात येणाऱ्याला तलवार नाही देत, चाटी,
इजार देतो. नाडी मी बांधतो.
मग पेलाभर पाणी, त्यात मीठ.
मीठ प्यायलेला माणूस सोबत्याचं नाव सांगत नाही."

आगशीच्या मिठागरातला पोरसू आला
तो पाय भेगाळलेले, घोट्यापर्यंत पांढरे.
माप घेताना दोरी खरखरली.
पेला संपवून हसला,
"एवढंच? आमच्या विहिरीचं पाणीच असलं."
शेबाज हसला नाही.
"आजवर मीठ तुझ्या पायाला होतं,
आता जिभेला लागलं."

त्या पावसाळ्याअखेरीस जकातीची पेटी फुटली.
एका घोड्यामागे जकात किती,
हे बंदरातलं शेंबडं पोरही सांगायचं;
पुढे ती जाते कुठे, हे कुणी नाही.
बांध फुटून ज्यांची खाजनं खारावली होती
त्यांच्या दारात सकाळी भाताच्या गोणी.
सगळ्यांच्या नव्हे.
शेबाजच्या घोडीवरही नवं खोगीर आलंच.

आठव्या दिवशी कोतवाल.
बांबूच्या टोकाला इजार, निथळणारी.
"मानशीच्या दाराशी अडकली होती. आत माणूस नाही.
टाका कुणाचा?"

सातवा टाका दुहेरी. बापाची खोड, माझ्या बोटांत उतरलेली.
म्हटलं, "हुजूर, मी कंबरेच्या वर पाहत नाही.
तोंडं मला ठाऊक नसतात."

तो वळला. खाडीवरून वारा आला,
त्याच्या मागच्या शिपायाचा झगा उडाला,
आणि मला दिसली शिवण.
एक, दोन, तीन... सातवा दुहेरी.
यानंही पेला घेतला होता.
इथेच. दिवा मीच धरला होता.
मी पाहिलं, हे त्यानं पाहिलं,
आणि झगा सावरत
मुकाट चालू लागला.

मग पोरसूची आई.
आगशीहून पायी, डोक्यावर मिठाची पाटी.
"इजार ठेवली असेल कोतवालानं," म्हणाली,
"माप आहे का तुमच्याकडे?"

माणशी एक दोरी ठेवतो मी, खुंटीवर, गाठी मारून.
काढून दिली.
तिनं एक टोक स्वतःच्या कंबरेला धरलं.
खालची गाठ घोट्याच्या पुढे गेली,
जमिनीवर टेकली.
बराच वेळ त्या गाठीकडे बघत राहिली.
"माझ्यापेक्षा उंच झाला होता तर."
दोरी मनगटाला गुंडाळली,
पाटी माझ्या उंबऱ्याशी पालथी केली.
एवढं नको म्हणेपर्यंत
बोळाच्या तोंडाशी पोचलीसुद्धा.

मी त्यांच्यातला नव्हतो. पेला कधी घेतला नाही.
पण त्या रात्री पेजेत ते मीठ टाकलं
आणि दुसरा घोट गिळवेना.

उद्या तो शिपाई यायचा आहे.
पोट सुटलंय म्हणतो,
कंबर वाढवून हवी.